टरफले मी उचलते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



टरफले म्हटली की मराठी माणसाला लोकमान्य आठवतात. शेंगा मी खाल्ल्या नाहीत, तेव्हा टरफले उचलणार नाही, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. माझे अगदी उलटे आहे. मी अंडी फारशी खात नाही. पण घरची, शेजारची आणि कोपऱ्यावरच्या भुर्जीच्या गाडीवरची टरफले मी उचलते. गाडीवाल्या भाऊंना पहिल्या दिवशी वाटले, बाई कुठल्या तरी खात्याकडून तपासणीला आल्या आहेत. आता ते संध्याकाळची पिशवी न सांगता बाजूला काढून ठेवतात.

शाळेत मी विज्ञान शिकवायचे. माहेर लांज्याजवळचे, सासर जालन्याचे. म्हणजे एक पाय जांभ्यावर आणि एक काळ्या मातीत. आज मी जे सांगणार आहे, त्यातले बरेचसे या दोन मातींनीच मला शिकवले.

आधी टरफल म्हणजे काय ते पाहू. मध्यम अंड्याचे वजन ५५ ते ६० ग्रॅम धरले, तर त्यातले पाच-सहा ग्रॅम टरफलाचे. या टरफलात शेकडा ९४-९५ भाग कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडी, संगमरवर, समुद्रकाठचे शिंपले यांचाही मुख्य घटक हाच. कोकणात पूर्वी शिंपले भाजून पानाचा आणि घर रंगवायचा चुना करत, तो याच कारणाने. कोंबडी हे कवच पोटात साधारण वीस तासांत घडवते. त्यावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात, पिलाला हवा मिळावी म्हणून. एवढी कारागिरी आणि आपण ती ऑम्लेटच्या घाईत ओल्या कचऱ्यात टाकतो. चार माणसांच्या घरात आठवड्याला डझनभर अंडी लागत असतील, तर वर्षाला जवळजवळ साडेतीन किलो टरफले निघतात.

आता करायचे काय? अंडे फोडले की टरफल लगेच नळाखाली धरा. आतला चिकट बलक-पांढरा राहिला तर वास येतो आणि मुंग्या-झुरळांना आमंत्रण जाते. आतला पातळ पापुद्रा सोलत बसू नका, तो राहू द्या. टरफले दोन दिवस कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. कुरकुरीत झाली की मिक्सरच्या जुन्या स्टीलच्या भांड्यात फिरवा आणि झाकण लगेच उघडू नका, धूळ बसू द्या. ती नाकात गेली तर ठसका लागतो. मग मैद्याच्या चाळणीने चाळा. चाळणीवर राहिलेला रवा पुन्हा फिरवा. मिक्सर नसेल तर खलबत्ता आहेच. हात दुखतात, पण पूड चांगली होते.

चाळणीचा एवढा आग्रह का, असे तुम्ही विचाराल. बहुतेक घरांत टरफले हाताने चुरडून कुंडीत टाकतात आणि झाडाला कॅल्शियम मिळाले असे समाधान मानतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाच्या कृषी विस्तार तज्ज्ञांनी याची परीक्षा घेतली. हाताने चुरडलेली टरफले एका मातीत, बारीक दळलेली दुसऱ्या मातीत आणि शेतीचा चुना तिसऱ्या मातीत घालून पाहिला. दळलेल्या टरफलांनी चुन्यासारखे काम केले. चुरडलेल्यांनी जवळजवळ काहीच केले नाही. खडीसाखर आणि पिठीसाखर यातली कोणती दुधात लवकर विरघळते, तेवढाच हा प्रश्न आहे. टरफल अख्खे असेल तर ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते.

वर्षानुवर्षे म्हणजे किती, याचा एक नमुना आपल्याच राज्यात आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गाव आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याचा उल्लेख असलेल्या शिलालेखामुळे ते प्रसिद्ध आहे. तिथे १९७० च्या दशकात पुरातत्त्ववेत्ते एस. ए. साळी यांनी उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे सापडले. त्यातल्या एकावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली होती, काही तुकड्यांचे मणी केलेले होते. वय सुमारे २५ हजार वर्षे. होय, त्या काळी आपल्याकडे शहामृग होते! शहामृगाचे कवच कोंबडीच्या कवचापेक्षा कितीतरी जाड, हे खरे. पण मूळ द्रव्य तेच. मातीत आम्ल नसेल तर ते टिकते, आणि आम्ल असेल तर विरघळते. या एका वाक्यावर पुढचे सगळे उभे आहे.

माझ्या भावाची परसबाग कोकणात आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जमिनीतला चुना धुऊन नेतो. म्हणून तिथली लाल माती आम्लधर्मी, बोलीभाषेत सांगायचे तर आंबट. या मातीत टरफलाची पूड साखरेसारखी मुरते असे नाही, पण काही महिन्यांत कामाला लागते: आंबटपणा कमी करते आणि कॅल्शियमही देते. भाऊ मिरची, वांगी, टोमॅटोच्या वाफ्यात पावसाळा संपता संपता पूड मिसळतो, शेणखताबरोबर. त्याला तिचा उपयोग होतो.

जालन्याची गोष्ट वेगळी. इथली काळी माती मुळातच चुनखडीची. विहीर खणताना पांढरे खडे निघतात ते तुम्ही पाहिले असतील. पाऊस सातशे मिलिमीटरच्या घरात, त्यामुळे चुना धुऊन जात नाही, उलट साठतो. त्यात बोअरचे पाणी जड. अशा मातीत आणखी टरफले घालणे म्हणजे पोटभर जेवलेल्या माणसाला आग्रहाने वाढत राहण्यासारखे. नुसते फुकट जाते असेही नाही. चुना वाढला की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मोसंबीच्या बागाईतदारांना हे दुखणे चांगले ओळखीचे आहे.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या दारात अनंताचे झाड आहे. त्यांच्या आईने चिपळूणहून दिलेल्या फांदीचे. आई गेल्या, पण त्यांचे झाड दर पावसाळ्याच्या तोंडाशी फुलायचे आणि वहिनी पहिले फूल आईच्या फोटोला वाहायच्या. एका वर्षी कळ्या गळू लागल्या, पाने पिवळी पडली. कुणीतरी सांगितले, कॅल्शियम कमी आहे, अंड्याची टरफले घाला. वहिनींनी घातली. झाड आणखी पिवळे झाले, म्हणून त्यांनी आणखी घातली. मी गेले तेव्हा कुंडीवर टरफलांचा पांढरा थर होता आणि झाडाला जेमतेम वीस-पंचवीस पाने उरली होती.

"अहो बाई, कॅल्शियम म्हणजे ताकदच ना?" त्या मला म्हणाल्या. "मग ताकद देऊनही हे असे का?"

अनंताला आंबट माती लागते. तो कोकणातून आलेला पाहुणा. त्याला आम्ही जालन्याचे पाणी, जालन्याची माती आणि वर टरफले खाऊ घालत होतो. कुंडीवरचा थर काढला. माती बदलली: पालापाचोळ्याचे कुजलेले खत, कोकोपीट आणि थोडी लाल माती. बोअरचे पाणी बंद करून पावसाचे साठवलेले पाणी सुरू केले. पानांवर हिराकसाची फवारणी केली, लिटरला पाच ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, ऊन उतरल्यावर. दोन महिन्यांनी शेंड्याला हिरवी पालवी दिसली. फूल यायला पुढचा आषाढ उजाडला. झाड पूर्वीसारखे भरलेले झालेले नाही, पण आहे.

म्हणून टरफलाची पूड घालण्याआधी माती ओळखा. त्याची घरगुती परीक्षा सोपी आहे. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या, तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका आणि कान जवळ न्या. चुरचुर आवाज आला, बारीक फेस दिसला, तर तुमच्या मातीत चुना भरपूर आहे. टरफले तिथे नकोत. काहीच झाले नाही, तर चुना कमी असण्याचा संभव आहे. नक्की आकडा हवा असेल तर जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या. अनंत, एक्झोरा अशा आंबट मातीच्या झाडांना मात्र परीक्षा न करताच टरफलांपासून लांब ठेवा.

गच्चीत आणि बाल्कनीत बाग करणाऱ्यांचे काय? पुण्या-मुंबईत कुंड्यांत मातीपेक्षा कोकोपीट आणि गांडूळखत जास्त असते, तलावा-धरणाचे नळाचे पाणी हलके असते. तिथे पुडीचा उपयोग होतो. बारा इंची कुंडीला दोन-तीन अंड्यांची पूड, वर्षातून एक-दोनदा, वरच्या दोन इंचांत मिसळून. त्याहून जास्त नको. आणि ही पूड म्हणजे संपूर्ण खत नव्हे. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश नावापुरते. पान हिरवे करायला शेणखतच लागते.

टोमॅटोबद्दल मला हमखास विचारतात. फळाच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडतो. त्यावर टरफले घाला असा सल्ला सर्वत्र मिळतो. तो डाग कॅल्शियमच्या कमतरतेनेच पडतो, हे बरोबर. पण बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असते, फळापर्यंत पोचत नाही. ते पाण्याबरोबर वाहत जाते. चार दिवस कुंडी कोरडी ठाक आणि पाचव्या दिवशी बादलीभर पाणी, असे झाले की वाहतूक बंद पडते. अशा वेळी टरफलांच्या मागे लागण्यापेक्षा रोज ठरल्या वेळी पाणी द्या आणि बुडाशी पाचोळा पसरा. रोप लावतानाच खड्ड्यात पूड मिसळलेली असेल तर उत्तम. डाग दिसल्यावर घातलेली पूड त्या फळाच्या उपयोगी पडत नाही.

लगेच उपयोग हवाच असेल तर एक उपाय आहे. अर्धी वाटी व्हिनेगरमध्ये एका अंड्याची पूड हळूहळू टाका. भांडे मोठे घ्या, फेस उतू जातो. फसफस थांबली की गाळा. यात कॅल्शियम विरघळलेल्या रूपात असते. लिटरभर पाण्यात चमचाभर, आठ-पंधरा दिवसांनी एकदा. टरफले रात्रभर साध्या पाण्यात भिजवून ते पाणी झाडांना घालणारेही पुष्कळ आहेत. त्या पाण्यात टरफलातले फारसे काही उतरत नाही. झाडाला पाणी मिळते, तेवढेच.

गोगलगाईंचा विषय मराठवाड्यात हसण्यावारी नेण्याचा राहिलेला नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. टरफलांचे टोकदार तुकडे रोपाभोवती पसरले तर गोगलगाय पलीकडे जात नाही, असे म्हणतात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हा उपाय करून पाहिला गेला. टरफले पसरलेल्या आणि न पसरलेल्या रोपांच्या नुकसानीत फरक दिसला नाही. आणि आपल्याकडच्या मोठ्या शंखी गोगलगाईला तर स्वतःच्या शंखासाठी कॅल्शियम हवेच असते. ती भिंतीचा चुनासुद्धा खरवडते. तिच्या वाटेत टरफले पसरणे म्हणजे पाहुणचारच झाला! गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बागेत पसरा, सकाळी खाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्यात टाका. काम किळसवाणे आहे, पण ते होते.

टरफलांचा निर्विवाद उपयोग सांगायचा तर तो गांडूळखतात. गांडुळाला दात नसतात. बारीक खड्यांच्या मदतीने ते पोटातच अन्न दळते. टरफलाचा रवा त्याला जात्यासारखा उपयोगी पडतो. शिवाय आपल्या स्वयंपाकघराच्या कचऱ्यात लिंबाची साले, टोमॅटो, कैरीच्या कोयी असतातच. पेटी आंबते आणि गांडुळे कडेला पळतात. आठवड्याला मूठभर पूड भुरभुरली की आंबटपणा आवाक्यात राहतो. जालन्यात मी टरफले मातीत घालत नाही, पण खताच्या पेटीत जरूर घालते. तिथला आंबटपणा माझ्याच स्वयंपाकघरातला आहे. आमच्या सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात अंड्याची टरफले टाकू देत नाहीत, तो वाद मी इथे काढत नाही. ज्यांच्याकडे अशी अडचण असेल त्यांनी बाल्कनीत छोटी पेटी ठेवावी.

घरी कोंबड्या असतील तर मात्र कुंडी आणि पेटी दोन्ही विसरा. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागते आणि एका टरफलात दोन ग्रॅमच्या वर असते. तिचे तिला परत द्या. फक्त टरफले नीट भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी बारीक करून द्या. अख्खी अर्धुके टाकली तर कोंबडीला चव कळते आणि ती खुराड्यातली ताजी अंडी फोडून खायला लागते. ती सवय मोडत नाही.

आता घरातले. तळाला करपलेल्या दुधाच्या पातेल्यात पूड, थोडा साबण आणि काथ्या घेऊन घासा, छान निघते. कल्हईच्या आणि नॉनस्टिक भांड्यांना मात्र लावू नका, चरे पडतात. अरुंद तोंडाची बाटली, फुलदाणी, जिथे हात जात नाही तिथे चुरडलेली टरफले, कोमट पाणी आणि दोन थेंब साबण घालून जोरात हलवा. कडेचा थर सुटतो. मिक्सरमध्ये टरफले फिरवली की पात्याला धार लागते, असे कुणी म्हणाले तर मान डोलावू नका. टरफलाचा कठीणपणा मोजपट्टीवर तीन, पोलादाचा साडेपाचच्या आसपास. मऊ वस्तू कठीण वस्तूला धार कशी लावणार? पात्याला चिकटलेले चटणी-वाटण निघते, म्हणून मिक्सर बरा चालल्यासारखा वाटतो.

ट्यूबलाइटच्या पट्टीवर टरफल अडकवले की पाल येत नाही, हा समज घरोघरी आहे. मी टरफलावर बसलेली पाल पाहिली आहे. पाल येते ती दिव्याभोवतीच्या किड्यांसाठी. न धुतलेल्या टरफलाने किडे वाढतात, एवढेच.

नातवंडे सुट्टीत आली की अर्ध्या टरफलांत रोपे करायला द्या. बुडाला सुईने भोक पाडायचे, चमचाभर खतमाती, मिरचीच्या दोन बिया. अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये ही इवली कुंड्यांची रांग फार गोड दिसते. रोप मोठ्या कुंडीत लावताना टरफल हाताने चांगले फोडायला हवे, नाहीतर मुळे आतच कोंडतात. ही कुंड्यांची रांग घराच्या आत किंवा मागच्या अंगणात असू द्या. दाराबाहेर, जिन्याच्या कठड्यावर फुटकी अंडी दिसली की कुणाला तरी उतारा ठेवल्याचा संशय येतो आणि दूधवाला खालूनच हाका मारतो. आमच्या इमारतीत झाले आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. टरफलाची पूड कॅल्शियमच्या गोळीऐवजी खाण्याचे सल्ले हल्ली मोबाइलवर फिरतात. एका टरफलातले कॅल्शियम मोठ्या माणसाच्या दोन दिवसांच्या गरजेइतके असते, त्यामुळे सल्ला खरा वाटतो. आयुर्वेदात कुक्कुटांडत्वक भस्म आहे, हेही खरे. पण ते शोधन करून, पुटे देऊन वैद्यांनी केलेले औषध आहे. आपल्या मिक्सरमधली पूड नव्हे. कच्च्या टरफलावर आतड्याचा आजार देणारे जंतू असू शकतात, जाडसर कण घशाला लागतात, आणि मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी किंवा इतर औषधे चालू असलेल्यांनी किती कॅल्शियम घ्यावे हे डॉक्टरच सांगू शकतात. माझ्या ओळखीच्या एका आजींनी हाडांच्या गोळ्या महाग पडतात म्हणून ही पूड सुरू केली होती. त्यांना मी सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. कॅल्शियमच्या गोळ्या तिथे मोफत मिळाल्या. मुलगा-सून घरात असूनही त्यांना ते कुणी सांगितले नव्हते.

शेवटी साठवणीचे. श्रावणात अनेक घरांत अंडी बंद होतात आणि नेमकी त्याच सुमारास कुंड्यांची, वाफ्यांची कामे निघतात. तेव्हा आषाढातली टरफले वाळवून-दळून ठेवा. कोरड्या बरणीत पूड वर्षभर टिकते. बरणीवर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि ती देवघरापासून दूर ठेवा. चाळलेली पूड आणि शिरगोळ्याची रांगोळी शेजारी शेजारी ठेवली तर ओळखू येत नाही. आमच्या सासूबाई एकदा तुळशीपुढे बसून चिमूट उचलणारच होत्या.